‘सगळं’ या शब्दाखालची रेघ

डॉ. विमल खंदारे. मी सर्वांत जास्त कुणाचा ऋणी आहे, असं कुणी विचारलं तर माझ्याकडे हे एकच नाव आहे. त्या गेल्याचा फोन त्यांच्या भाचीनं, संगीतानं केला, तेव्हा मी परतूरला सहावीच्या वर्गात होतो. “मावशी गेली, सर.” मी “बरं” म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित पूर्ण केलं. तीन आठवडे झाले. अजून रडू आलेलं नाही...

विमलताई मानसशास्त्रज्ञ होत्या. मन बिघडलं की देवऋषी नाहीतर झोपेच्या गोळ्या, एवढंच आपल्याकडे माहीत होतं, त्या काळात त्या पुण्याहून सीबीटी शिकून जालन्याला आल्या. माणसाचे विचार आणि वागणं तपासून त्याला बरं करायची ही पद्धत तेव्हा मोठ्या शहरांतही नवी होती. ‘नुसतं बोलून बरं करणारी बाई’ म्हणून लोक हसायचे. ताई प्रत्येकाला एक वही द्यायच्या. तीत तीन रकाने : काय घडलं, मनात काय आलं, त्याला पुरावा काय. आज तालुक्यांच्या गावीही समुपदेशक असं काम करतात. त्यातले कित्येक ताईंच्याच हाताखाली शिकले.

मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा बी.एड.ला होतो. कुंभार पिंपळगावचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. सराव पाठासाठी फळ्यासमोर उभा राहिलो आणि दोनदा वर्ग सोडून पळालो होतो. तिसऱ्यांदा पळालो असतो तर माझं शिक्षक होणं तिथंच संपलं असतं. मी वहीत लिहिलं, ‘सगळे हसतील.’ ताई म्हणाल्या, “सगळे म्हंजे किती? चल, मोजू. आठवडी बाजारात सदरा उलटा घालून ये. मी बी येते.” त्या आल्या, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून! तासभर फिरलो. शेवटी मिरच्या विकणाऱ्या एका म्हातारीनं मला हटकलं.

“लेकरा, सदरा उलटा हाय की रे! लगन झालं का न्हाई?”

“न्हाई, आजी.”

“मंग बराबर हाय. सांगायला कोण राहणार घरी!”

ती हसली, मीही हसलो. ताईंनी वहीत ‘एक’ लिहिलं आणि म्हणाल्या, “माझ्या चपलाकडं तर कुणी बघितलं बी न्हाई. मलाच वाईट वाटून राह्यलं.”

त्या आजारी पडल्याचं कळलं तेव्हा मी पत्र लिहिलं, ‘ताई, तुम्ही माझं सगळं आयुष्य घडवलं.’ आठवड्यानं तेच पत्र टपालानं परत आलं. ‘सगळं’ या शब्दाखाली लाल रेघ आणि समासात थरथरत्या अक्षरात, ‘पुरावा? पुन्हा लिहून पाठवणे.’ मला लागलं ते. साधे आभारही आपल्याला धड मानता येत नाहीत, असं वाटलं. चार दिवस पत्र तसंच पडून होतं. मग पुन्हा लिहिलं. संगीता म्हणते, तिनं ते वाचून दाखवलं, ताईंनी डोळे मिटून ऐकलं आणि परत एकदा वाचायला लावलं. त्यानंतर पाचव्या दिवशी त्या गेल्या. या वेळी तरी बरोबर लिहिलं होतं का, ते आता कुणाला विचारू...

ते पत्र असं होतं :

ती. ताईंना सा. न.

‘सगळं’ खोडलं आहे. शिक्षणाधिकारी साहेबांचा फोन आला की अजूनही मी तो लगेच उचलत नाही, वाजू देतो. बहिणीशी बिनसलं, ते मी अजून नीट केलेलं नाही. तुमच्यामुळे झालं ते एवढंच, की तिसरा पाठ मी पूर्ण घेतला आणि तेव्हापासून रोज वर्गात उभा राहतो. मागच्या महिन्यात आई शाळेत आली होती. ती जन्मात कधी वर्गात बसलेली नाही. मागच्या बाकावर बसून तिनं माझा एक अख्खा तास ऐकला. निघताना म्हणाली, “तू बोलून राह्यला अन् लेकरं ऐकून राह्यले.”

माझ्याकडे एवढाच पुरावा आहे. पुरेसा नसल्यास कळवावे.