ते वाक्य मी मराठीत सांगितलं नाही

"ह्या आमच्या बाई. झोपडपट्टीतल्या आहेत, पण इंग्लिश बघा कसं बोलतात."

दादांनी माझी ओळख अशी करून दिली. स्टाफरूममध्ये. सगळ्यांसमोर. दादा म्हणजे आमची बदलापूरची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष. वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना दादाच म्हणतात. समोर पाहुण्या मॅडम उभ्या होत्या. परदेशातल्या एका शाळेतून तीन आठवड्यांसाठी आलेल्या. मुलांना शिकवायचं, इथलं रोजचं जगणं बघायचं आणि जाताना त्यावर कार्यक्रम करायचा, असं ठरलेलं.

सगळे हसले. मीही हसले. ते मला अजून टोचतं.

मी तासिका तत्त्वावर होते. चार वर्षं. जूनमध्ये कायम करू, असं दर जूनला ऐकायचं आणि गप्प बसायचं. त्यामुळे मॅडमना फिरवा म्हणाले तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दादा म्हणाले, देऊळ-बिऊळ सगळेच दाखवतात, तुम्ही तुमची वस्ती दाखवा. खरं जीवन.

मॅडम वाईट नव्हत्या. हे आधी सांगते, कारण नंतर लोकांनी त्यांनाच शिव्या घातल्या. हातात कायम वही. उल्हासनगरात दालपकवान खाल्लं, ते लिहिलं. दुकानदार एका वाक्यात सिंधी, हिंदी, मराठी तिन्ही बोलतो, ते लिहिलं. सोनिवलीला नव्या टॉवरांच्या सावलीत पेंढा वाळत होता, तोही लिहिला. मी सांगायची, त्या लिहायच्या. मला बरं वाटायचं. माझ्या तोंडचं कुणी लिहून घेतंय, असं पहिल्यांदाच होत होतं.

मग त्यांना घरी नेलं. विठ्ठलवाडीच्या पुढे, वालधुनीच्या काठाला आमची गल्ली. नदी म्हणायची म्हणून नदी. पाणी एक दिवस निळं, एक दिवस काळं. आई घरी बसून जीन्सचे उरलेले दोरे कापते. कारखान्यातून गाठोडं येतं, संध्याकाळी परत जातं. मनगटापर्यंत तिचे हात निळे असतात. साबणाने जात नाहीत.

मीच तिला म्हणाले, आई, दारात बस, उजेड चांगला आहे.

ती बसली. मॅडमनी फोटो काढले. आईने मला खालच्या आवाजात विचारलं, "फोटू कशापायी काढती? मागल्या बारीला फोटू काढून नेले, अन् मग मोजायची फीत घेऊन माणसं आली. पल्याडची गल्ली गेली."

मी म्हणाले, ती शिक्षिका आहे गं.

मॅडमना न्यायला दादांची गाडी आली. दादा उतरले नाहीत. काच खाली करून गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. त्यांच्याबरोबरचा एक माणूस उतरला. त्यानेही मोबाईलवर फोटो काढले. माणसांचे नाही. भिंतींचे, नाल्याचे, रस्त्याच्या रुंदीचे. कशाला, ते मी विचारलं नाही.

त्यानंतर पाचव्या दिवशी दोघंजण लाल रंगाचा डबा घेऊन आले आणि प्रत्येक दारावर आकडा टाकून गेले. आमच्यावर सतरा. कशाचा आकडा, ते कुणी सांगेना. गल्लीतल्या बायका मला विचारायच्या, तू शिकलेली, तुला ठाऊक असेल. मला ठाऊक नव्हतं. रंग ओला होता तोवर कुणी दाराला हात लावला नाही. वाळल्यावरही लावेनात.

शेवटच्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम. पालक, शिक्षक, आणि पहिल्या रांगेत दादा व त्यांचे बांधकामवाले दोस्त. मॅडम इंग्रजीत बोलणार, मी माईकवर मराठीत सांगणार. मागे मोठा पडदा.

आधी दालपकवान आलं. लोक हसले. मग अंबरनाथचं देऊळ, मग सोनिवलीचा पेंढा. टाळ्या. मी नीट सांगत होते, माझा आवाजही चांगला लागला होता.

मग आमची गल्ली आली. मग आई.

भिंतभर आई. निळे हात मांडीवर. मागे आमचं दार, आतली भांडी, दोरीवरचे माझे कपडे. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "बाईंची आई आहे ती." खसखस पिकली. माझ्याच वर्गातली मुलंही होती त्यात.

मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या मनापासून बोलल्या. म्हणाल्या, या माणसांकडे काही नाही तरी ती समाधानी आहेत, त्यांना फार थोडं लागतं, हे मी इथे शिकले.

मी माईक धरून उभी. वाक्य सोपं होतं. तोंडातून निघेना.

दादा पहिल्या रांगेतून म्हणाले, "सांगा ना बाई मराठीत. ह्यांना फार काही लागत नाही." मग शेजारच्याकडे वळून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "कुठंही हलवा, खूश राहतात."

तेव्हा मला लाल आकडा कळला. काच खाली केलेली गाडी कळली. आणि त्यांना वाट दाखवणारी मी, तेही कळलं.

"हे मी सांगणार नाही," मी म्हणाले.

माईक चालू होता.

"ही माझी आई आहे. सकाळी सातला दोरे कापायला बसते. मी समाधानी आहे, असं तिने कुणाला सांगितलेलं नाही. तिला कुणी विचारलंच नाही. मीसुद्धा नाही. मीच तिला दारात बसवलं."

मग तेच मॅडमकडे बघून इंग्रजीत सांगितलं. त्यांनी वही मिटली. एवढ्यात मुख्याध्यापिकांनी माईक बंद केला.

दुसऱ्या दिवशी वेळापत्रकात माझ्या तासांवर दुसरं नाव होतं. मॅडम गेटपर्यंत आल्या. तो फोटो पुसून टाकू का, म्हणाल्या. मी म्हटलं, फोटो खरा आहे, राहू द्या. वाक्य पुसा. त्यांनी पुसलं की नाही, मला माहीत नाही.

पंधरा दिवसांनी मुख्याध्यापिकांचा फोन आला. आवाज एकदम मऊ. जूनमध्ये या, कायमची ऑर्डर तयार आहे. फक्त एक करा. तुमच्या गल्लीत काही कागद येतील. बायकांना वाचता येत नाही. तुम्ही समजावून सांगा, तुमचं ऐकतील.

कागद हातात आले, तेव्हा मी आईला सांगितलं. मला वाटलं, ती म्हणेल नोकरी धर. तिने कात्री थांबवली नाही.

"कागदावर काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं. आम्ही राजीखुशीने जागा सोडतो, असं लिहिलं होतं. सोडून कुठे जायचं, ते कुठेच नव्हतं.

"मंग असंच्या असं वाचून दाव समद्यांना," आई म्हणाली.

दारोदार गेले. एकही शब्द गाळला नाही, एकही वाढवला नाही. कुणी अंगठा दिलेला नाही. तेव्हापासून दोनदा आमचं पाणी तोडलंय. अनोळखी माणसं गल्लीच्या तोंडाशी बाईक लावून बसतात. सोमवारपासून पुलाजवळ जेसीबी येऊन उभा आहे. ड्रायव्हर दिसत नाही.

मुख्याध्यापिकांना मी फोन केला. कागद समजावून सांगितलाय, म्हटलं, आणि फोन ठेवला.

नोकरी गेली. घरही जाईल कदाचित. पण या माणसांची राजीखुशी होती, असं कुणाला लिहिता येणार नाही. तेवढं मी होऊ देणार नाही.