कूलरचं ओलं गवत

भुताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी वर्गात उभं करते. अकोल्याच्या शाळेत विज्ञान शिकवते, आणि असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. म्हणून हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... तरी लिहिते.

माझा धाकटा भाऊ दिलीप अमरावतीला असतो. पिढीजात फुलांचा धंदा. उन्हाळ्यात झेंडू, निशिगंध टिकावा म्हणून ओल्या तरटावर पसरायचा, समोर कूलर लावायचा आणि आपणही त्याच हवेत झोपायचं — आमच्या घरची रीतच ती. बाबा होते तोवर दर आठवड्याला कूलरची टाकी धुऊन उन्हात पालथी घालत. जाळ्यांतलं गवत काढून अंगणात बाजेवर वाळवत, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून हाराच्या दोऱ्यानं बाजेला बांधत. आम्ही हसायचो. बाबा गेले आणि दिलीप जुन्याच पाण्यात नवं पाणी ओतू लागला.

गेल्या मे महिन्यात त्याला ताप भरला. कोरडा खोकला, मग धाप. एक्स-रेत न्यूमोनिया निघाला. इंजेक्शनं सुरू होती, पण उतार पडेना. मी दवाखान्यात पोचले तेव्हा तोंडाला ऑक्सिजन होता आणि डॉक्टर व्हेंटिलेटरचं बोलत होते. पाठचा एकुलता भाऊ हो!

तो बरळत होता. "ताई, बाबा कूलरपाशी बसून हायेत... माह्याशी बोलून नाही राहिले. रागावले काय वं?"

त्याची बायको रंजना भरती केल्यापासून उशाशीच होती. "ताई, ह्याईचे दोन कपडे आना घरून," म्हणत तिनं किल्ली दिली.

भर दुपारी मी कुलूप उघडलं. मागच्या दाराची आतली कडी काढून अंगणात गेले. तिथं बाज टाकलेली. तिच्यावर कूलरचं गवत, हाराच्या दोऱ्यानं बांधलेलं, शेजारी टाकी पालथी. रंजनाचं कौतुक वाटलं. गवत चाचपलं, हात पदराला पुसला आणि कपडे घेऊन निघाले.

"बरं केलंस, कूलर धुतलास," मी दवाखान्यात म्हटलं.

"मी? ताई, कूलर त फुलाइपुढं जसाच्या तसा सोडून आली मी. हे असे पडल्यावर धुनं कोनाले सुचते?"

डॉक्टर राउंडवर होते. ते वळले. "कोणता कूलर? पाणी कधी बदललं होतं?"

लघवीची वेगळी तपासणी झाली. नेहमीचा जंतू नव्हताच तो. साचलेल्या पाण्यात वाढणारा, कूलरच्या तुषारांतून छातीत शिरणारा. चालू असलेली इंजेक्शनं त्याला लागूच पडत नव्हती. औषध बदललं, आणि हळूहळू ताप उतरला. दिलीप आज पुन्हा बाजारात फुलं विकतोय.

बरळणं त्या आजारातलंच, असं डॉक्टर म्हणाले. पटलं. अंगणात कोणी भिंतीवरून उतरलं असेल, असंही मी मनाला सांगून पाहिलं. शेजाऱ्यांना विचारलं, सगळे नाही म्हणाले; आणि मागच्या दाराची कडी तर आतून होती.

पण आमच्या वऱ्हाडातल्या मे महिन्यात भर दुपारी वाळत घातलेली साडी चहा होईस्तोवर कडक होते. आणि मी हात लावला तेव्हा त्या गवतातून पाणी ठिबकत होतं.