चार दिवसांचं पाणी

प्रतापनगरात आम्ही राहायला आलो तेव्हा घरामागची जागा नुसती मुरमाची होती. बाबांनी बैलगाडीभर काळी माती आणून टाकली आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना तिथे दोन वाफे केले. एकात तिखट मिरची, घरच्याच वाळलेल्या मिरच्यांच्या बियांची. दुसऱ्यात ढोबळी मिरची. तिचं बी मी सदर भागातल्या बाजारात एका दुकानातून आणलं होतं. ती आमच्याकडे कोणी खात नसे.

"तिखट लागत नाही तर तिले मिरची काहून म्हणायचं वं?" आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या बाबांच्या थोरल्या बहीण, आमच्याकडेच राहायच्या. मी वाफ्यातली माती सारखी करत राहिले. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे माझं मराठी पुस्तकी होतं आणि मी बोललेलं वाक्य आत्याबाई संध्याकाळपर्यंत माझ्याच आवाजात म्हणून दाखवत. त्यामुळे मी घरात बेतानंच बोलायची.

वाफ्यांना विहिरीचं पाणी मीच घालायची. महिन्यातले चार दिवस सोडून. त्या दिवसांत आमच्याकडे बाईनं बाजूला बसायचं. स्वयंपाकघर, देव, लोणच्याची बरणी आणि हिरवं झाड, यांना शिवायचं नाही. शिवलं तर झाड जळतं, असं आई सांगे. शाळेत मी त्याच दिवसांत कुंड्यांना पाणी घातलं होतं आणि तिथल्या झाडांना काही झालं नव्हतं. पण ही गोष्ट घरी सांगण्यासारखी नव्हती.

झाडाला शिवायचं नाही हा नियम होता. मग पाणी कोणी घालायचं, याचा नियम नव्हता. आईला घरकाम पुरत असे. तिखट मिरची रोजच्या भाजीला लागायची, म्हणून तेवढ्या वाफ्याला आत्याबाई तांब्यातांब्यानं पाणी घालत. ढोबळीकडे कोणी पाहत नसे. ऑक्टोबरचं ऊन भाजत होतं. बाजूला बसलेली असताना खिडकीतून मला ती रोपं माना टाकलेली दिसली. दुपारी सगळे आडवे झाल्यावर मी बादली उचलली. पुढच्या महिन्यातही तेच केलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत तिखट मिरचीची पानं आक्रसून वर वळली. मिरचीवर कोकडा रोग पडला होता. आत्याबाईंनी एक पान तोडून आईच्या हातावर ठेवलं आणि मला हाक मारली.

"त्या दिवसांत शिवलीस ना तू झाडाले?"

"खरं सांग," आई म्हणाली.

"शिवले," मी म्हणाले. "पण ढोबळीला. तिला काही झालेलं नाही. तिखटाला त्या दिवसांत तुम्हीच पाणी घालत होता, आत्या."

आत्याबाईंनी मागच्या दाराकडे हात केला. "मग इकडून तिकडं जायले विटाळाले काय तिकीट लागते?"

बाबा वर्तमानपत्राआड हसले. आई हसली नाही. "येत्या रविवारी दोन्ही वाफे उपटून टाक," ती म्हणाली. "मेथी पेरू."

ढोबळीला नुकत्याच कळ्या आल्या होत्या. आईला मी तोवर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं. मी एका दमात सगळं बोलून घेतलं. तिखटाचा वाफा मी आजच उपटते, कारण कोकडा पसरतो. ढोबळी राहील. आणि यापुढे मी बाजूला बसेन तेव्हाही तिला पाणी घालीन, लपून नाही, सगळ्यांसमोर. ती जळली तर मीच उपटीन आणि पुन्हा मिरचीचं नाव काढणार नाही.

"लोक काय म्हणतील?" आई म्हणाली.

"मागे लोक कुठं आहेत? रिकामा प्लॉट आहे," बाबा म्हणाले. आई उठून आत गेली. त्याला मी होकार समजले.

तिखटाची रोपं मी संध्याकाळपर्यंत उपटली आणि जाळली. कोकडा पसरवणारे किडे मरावेत म्हणून ढोबळीवर तंबाखूचं पाणी मारायचं ठरवलं, पण घरात तंबाखू एकाच व्यक्तीकडे होता.

"आत्या, थोडा तंबाखू द्या."

"काहून? कॉलेजात हे पण शिकवून राहिले का?"

"झाडाला हवा आहे."

त्यांनी पुडी पुष्कळ वेळ चाचपली. मग मूठभर तंबाखू माझ्या ओंजळीत टाकला. "हे पाहा, वाचलं झाड तर माह्या तंबाखूनं वाचलं. मेलं तर तुह्या हातानं."

"चालेल," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला आईनं नेहमीप्रमाणे बाहेरच्या खोलीत माझी चटई टाकली. मी ओढणी कमरेला बांधली आणि सकाळी, सगळे जागे असताना, बादली घेऊन मागे गेले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्याकडे पाहिलं असतं तर कदाचित मी परतले असते, म्हणून मी खालीच बघत राहिले. एकेका रोपाच्या बुडाशी पाणी ओतत गेले. आत्याबाई पायरीवर बसून बघत होत्या.

"ते कडेचं सोडलं वं," त्या म्हणाल्या.

मी कडेच्या रोपाला पाणी घातलं. चारही दिवस घातलं. एकही पान वळलं नाही. "तंबाखू कडक होता," असं आत्याबाईंनी बाबांना ऐकवलं.

थंडीत मिरच्या धरल्या, मुठीएवढ्या, चकचकीत. त्या तयार झाल्या तेव्हा मी नेमकी बाजूला बसले होते. सकाळी आई मागच्या दारात आली. तिनं उंबऱ्याबाहेर एक ताट ठेवलं आणि मागे सरकली.

"बेसन भरून करते," ती म्हणाली. "चार-पाच तोडून आण."

मी तोडल्या आणि तिच्या हाताला हात लागणार नाही अशा बेतानं ताटात ठेवल्या. आईनं त्यांवर पाणी शिंपडलं, ताट उचललं आणि आत गेली. त्या जेवणात आत्याबाईंनी ती भाजी पानात वाढू दिली नाही. ठेचा घेतला. आई आणि बाबांनी खाल्ली. माझं ताट बाहेरच्या खोलीत आलं, त्यात दोन भरल्या मिरच्या होत्या. मी त्या सावकाश खाल्ल्या, हात धुतले आणि संध्याकाळच्या पाण्यासाठी बादली भरायला विहिरीवर गेले.