मामांनी राखलेला डोंगर

पाणलोट समितीवर मी गेले ती चहा-बिस्किटासाठी, हे आधीच कबूल करते. समितीत बाया पाहिजेत असा पाणलोटाचं काम घेऊन आलेल्या सायबांचा नियम होता, आणि दहावीपर्यंत शिकलेली सून गावात मी एकटीच. घरातून दोन तास सुटका मिळत असली तर कोण सोडतंय!

ही गोष्ट अंबड तालुक्यातल्या आमच्या गावची, जुनं शतक संपायच्या आधीची. उन्हाळा लागला की विहीर तळ दाखवायची आणि आम्ही बाया हंडे घेऊन टँकरमागं पळायचो. साहेब म्हणाले, डोंगरावर आडवे चर खणा, गवत वाढू द्या, म्हणजे पावसाचं पाणी पळून जायचं न्हाई. ते मुरंल आणि तुमच्याच विहिरीत उतरंल. ऐकायला झकास. पण अट होती, पाच वर्षं डोंगरावर चराई बंद. एका जरी घराचा नकार आला तर काम दुसऱ्या गावाला.

आता आमच्या घरात साठ मेंढरं! सासरे म्हणजे माझे सख्खे मामा, त्यांच्याच घरात मला दिलेली. भाऊबंदांनी कवाच शेती धरली, पण मामांचा जीव मेंढरांत. नातवाचं नाव चुकायचे, पण कोणत्या मेंढीची आजी कोण हे बराबर सांगायचे. सभेत सगळे त्यांच्याकडं बघून राह्यले, आणि मी शहाणीनं सगळ्यांच्या आधी हात वर केला. मामांनी एकदा माझ्याकडं पाह्यलं, मंग त्यांनीही केला.

घरी आल्यावर माझ्याशी बोलणं बंद. काही सांगायचं असलं की दारातल्या माझ्या शेळीला सांगायचे, "सांग गं तुझ्या मालकिणीला, भाकर वाढ म्हणावं." मी काय कमी आहे? "सांग गं त्यांना, वाढलीय कवाच, गार होऊन राह्यली." शेळी बिचारी दोघांकडं बघत रवंथ करायची.

मेंढरं शहागडला गेली, गोदावरीच्या काठावर, मामांच्या मेव्हण्याकडं. डोंगर उघडला की परत आणायची, असं ठरलं. मामा दर आठ दिवसांनी एसटीनं त्यांना बघायला जायचे. मामी म्हणायच्या, "पोरीला नांदायला धाडलं तवा बी इतक्या चकरा मारल्या न्हाईत ह्यांनी."

मंग कोणाच्या तरी डोक्यात आलं, डोंगराचा राखणदार मामांनाच करा. गाव खदाखदा हसलं. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! पण चोरवाटा चोरालाच माहीत असतात ना? कोणत्या निवडुंगाआडून जनावर आत घुसतं, आवाज होऊ नये म्हणून घंटीत गवत कोणी कोंबलंय, सगळं मामांना पाठ. हे उद्योग त्यांनीच जन्मभर केलेले. त्यांनी सरपंचांची म्हैस धरली, पुजाऱ्याचा बैल धरला. दंड एकच. मालकानं डोंगरावर दोन खड्डे खणायचे आणि झाडं लावायची.

एक दिवस वैरण आणायचा मला आला कंटाळा. शेळीच्या घंटीत गवत कोंबलं, वर चिंधी बांधली आणि गुपचूप दिली डोंगरावर सोडून. बिलकुल आवाज न्हाई. घटकाभरात मामा शेळीचा कान धरून चौकात हजर. "सांग गं समितीच्या बाईला, खड्डे कुठं खणायचे ते दाखवतो म्हणावं." अख्ख्या गावासमोर खणले मी. हाताला हे एवढे फोड! रागानं तीन दिवस मी शेळीशीसुद्धा बोलले न्हाई. चौथ्या दिवशी मामा हळद-तेलाची वाटी घेऊन आले, "लाव हाताला" म्हणाले, आणि आमचं बोलणं सुरू झालं.

तिसऱ्या वर्षी पावसानं दडी मारली. आजूबाजूच्या गावांत टँकर फिरू लागले, आमच्या विहिरीला मात्र चैत्रातही पाणी. मी तर मिरवतच पाणी भरायचे. डोंगरावर वाळलेलं का होईना, गुडघाभर गवत उभं होतं. तेव्हाच शहागडहून निरोप आला, काठावर काडी राह्यली न्हाई, मेंढरं घेऊन जा, न्हाईतर व्यापाऱ्याला देतो.

सरपंच स्वतः आमच्या दारात आले. "काका, आणा तुमची मेंढरं. पाऊस पडंस्तोवर डोंगरावर सोडा. तुमच्यावाचून हे गवत वाढलं असतं का? कोणी चकार शब्द काढायचं न्हाई."

"मामा, आणाच," मी म्हटलं. "जल्दी निघा."

मामांनी ऐकून घेतलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि एसटी धरली. मी लगोलग मेंढरांची जागा झाडून काढली, पाणी पाजायची दगडी डोण काठोकाठ भरून ठेवली. खोटं कशाला बोलू, तीन वर्षं माझ्या छातीवर धोंडा होता. तो उतरणार म्हणून मी गाणी म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामा आले. एकटेच.

"मेंढरं मागून येऊन राह्यली का?"

"विकली."

"किती?"

"समदी."

माझं डोकंच फिरलं. सून, सासरा, काही ध्यानात राह्यलं न्हाई. "अशी कशी विकली? गाव हो म्हणलं होतं ना! सरपंच दारात आल्ते ना! चार दिवसांचा तर प्रश्न होता, मामा!" ओरडता ओरडता मीच रडायला लागले.

मामा ओट्यावर टेकले. पायाचे तळवे चोळत म्हणाले,

"पोरी, मेंढरू कसं चालतं? फुडचं घुसलं की मागची समदी घुसतात. गाव बी तसंच असतंय. आज माझी आत गेली असती, मंग उद्या कोण्या तोंडानं कोणाला अडवलं असतं म्या? मेंढरं राखणाऱ्याला इतकं तर कळाया पाह्यजे."

मामांनी काठी उचलली आणि डोंगराकडं निघाले, राखणीची वेळ झाली होती. डोण तशीच काठोकाठ भरलेली होती, आणि ज्या पाण्यावर मी मिरवत होते त्याचीच मला लाज वाटली.