पाळण्यातला सरदार

माझं लग्न अडलं ते माझ्या आजी-आजोबांनी पळून जाऊन लग्न केलं म्हणून. ते पळाले तेव्हा माझे वडीलसुद्धा जन्माला आले नव्हते, पण शिक्षा मात्र मला. एकविसाव्या वर्षी, पोरगा पसंत असताना, त्यालाही मी पसंत असताना!

कसबा बावड्यात आमचा मोटारी दुरुस्तीचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं आपलं. चार पत्रे, गाडीखाली उतरायचा एक खड्डा आणि दारात कायम कुणाचा तरी ट्रॅक्टर. बाबांचा जन्म मोंबासाचा. आजोबा तिथं रेल्वेत होते, बाबाही तिथंच यंत्रं शिकले, तिथल्याच एका रत्नागिरीकराच्या मुलीशी त्यांनी लग्न केलं. मी सहा वर्षांची असताना तिथला झेंडा बदलला आणि बाबा आम्हाला घेऊन बोटीत बसले. कोल्हापूरच का, तर आजी-आजोबा कोल्हापूरकडचे, एवढं एकच त्यांना ठाऊक होतं. कोल्हापूरकडचे म्हणजे नक्की कुठले, हे विचारलं की बाबा हात आडवा फिरवून सगळा जिल्हा दाखवत.

त्याला कारण होतं. आमचं आडनाव खोटं होतं. आजोबांचं पहिलं नावही खोटं. आजोबा गेल्यावर काही वर्षांनी, आजी मरणाच्या दारात असताना तिनं बाबांना सांगितलं, "ह्ये आडनाव आपलं न्हाय. बोटीवर बसताना घेतल्यालं हाय. आमी पळून आलतो."

"मग खरं कंचं?" बाबांनी विचारलं.

"तुज्या बाचं नाव मी कसं घ्यू रं?" आजी म्हणाली. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घ्यायचं नाही, ही तिची शिकवण मरताना तरी कशी सुटणार? मग तिनं बाबांकडे बघत त्यांच्या लहानपणचा पाळणा दोनदा गुणगुणला, आणि पहाटे गेली. बाबांना वाटलं, म्हातारीला आपलं बाळपण आठवलं. ते खूप रडले.

गंमत अशी, की हीच आजी आजोबांना भर रस्त्यात नावानं हाक मारायची. अहो नाही, कारभारी नाही, सरळ नाव, तेही गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल असं. बाबा हे कौतुकानं सांगत. "माजी आई लई सुधारलेली," म्हणत.

तर असं बिनमुळाचं आमचं झाड. त्यावर मी प्रेमात पडले.

तो शाळेत मास्तर होता. त्याची मोटारसायकल आमच्याकडे दुरुस्तीला यायची. एका महिन्यात ती पाच वेळा आली. पाचव्यांदा बाबांनी प्लग काढून उजेडात धरला आणि म्हणाले, "मास्तर, ह्यो प्लग आपसूक सैल हुईत न्हाय. कुणीतरी पान्यानं सैल केलाय. त्यापरास सरळ चा प्यायला येत जावा." मी आत ओढणीचा बोळा तोंडात कोंबून हसत होते.

मग त्याची आई आली, मला बघायला. गळ्यात ठसठशीत डोरलं, आवाज पन्हाळ्यापर्यंत पोचेल असा. मला उभं केलं, बसवलं, चालवलं नाही एवढंच. पोहे खाल्ले. मग बाबांकडे वळून म्हणाल्या, "पोरगी झ्याक हाय. पावणं, गाव कंचं तुमचं?"

"मोंबासा."

"त्येच्या आदीचं?"

"समुद्र," बाबा म्हणाले.

"मस्करी ऱ्हाऊ द्या. देवक कंचं?"

ज्यांच्याकडे देवक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे प्रत्येक कुळाचं एक देवक असतं, बहुतेक एखादं झाड किंवा वेल. लग्नात त्याची डहाळी मांडवात बसवतात. आणि नवरानवरीचं देवक एकच निघालं तर ती बहीणभाऊ झाली. लग्न होत नाही. आईकडचं देवक आम्हाला पाठ होतं, पण देवक चालतं बापाकडून. बाबा माझ्याकडे बघायला लागले, मी आईकडे, आई पोह्यांकडे.

"ठाव न्हाय," बाबा शेवटी म्हणाले, आणि सगळी हकिगत त्यांनी सांगितली.

बाई रागावल्या नाहीत. उलट आजीच्या हाका ऐकून त्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाल्या, "खुळं का काय तुमी! सुधारली न्हवती, खोटं नाव हुतं म्हणून तर हाका मारत हुती! खरं असतं तर जीभ झडली असती तिची." पण उठताना त्यांनी सांगितलं ते पक्कं होतं. "आमचं देवक वड हाय. तुमचंबी वडच निघालं तर काय करायचं? मी दिवाळीपातुर थांबते. मग मातुर दुसरी पोरगी बघणार."

दिवाळीला चार महिने होते. बाबांनी कारखान्यातली जीप काढली.

ते चार महिने मी आयुष्यात विसरणार नाही. दर आठवड्याला एक बाजार. बाबा भर बाजारात म्हाताऱ्यांच्या घोळक्यात जाऊन बसायचे, तंबाखू मळायचे आणि विचारायचे, "का वो, साठेक वर्सामागं तुमच्याकडनं कोण जोडी पळून गेलती का?" लाजबीज काही नाही. आणि म्हातारे! मला वाटलं होतं लोक हाकलून देतील. छे! प्रत्येक गावाला आपल्या पळून गेलेल्यांचा अभिमान. हातकणंगल्याच्या स्टेशनाबाहेर एकानं बोटांवर पाच जोड्या मोजून दाखवल्या, तेवढ्यात दुसरा म्हणाला, "त्येंच्यातली तिसरी जोडी मी हाय की!" आणि आपल्या बायकोला बोलावून आणलं. ती पदराआडून एवढी हसली की मला तिचा हेवा वाटला.

काही ठिकाणी मात्र एकदम दारं लागली. जमिनीत वाटा मागायला आलाय, असं वाटायचं त्यांना. बाबा ओरडून सांगायचे, "मला रान नगं, झाड सांगा!" त्यानं लोक आणखीच घाबरायचे.

एक गोष्ट सगळीकडे व्हायची. बाबा बोलायला लागले की म्हातारे कान टवकारायचे. बाबांची बोली मोंबासात आजीच्या मांडीवर शिकलेली, साठ वर्षं डब्यात बंद करून ठेवलेली. "ह्यो गडी आमच्या आज्यावानी बोलतोय," असं एकजण म्हणाला. मधेच बाबा "पोले पोले" म्हणायचे, म्हणजे तिकडच्या भाषेत हळूहळू, आणि मग म्हाताऱ्यांचा अंदाज चुकायचा.

नेसरीच्या बाजारात आम्ही पोचलो तेव्हा दिवाळी तीन आठवड्यांवर आली होती. तिथं शेजारच्या गावचा एक पन्नाशीचा, मिशाळ शेतकरी भेटला. मोठा चांगला माणूस. त्यानं आम्हाला भेळ खाऊ घातली. म्हणाला, "आमच्याकडनं कोण पळालं न्हाय बगा. आमचा एक थोरला चुलता हुता, पर त्यो पुरात गेला. त्याच पुरात पलीकडच्या गावची एक पोरगीबी गेली. हळद लागलेली हुती तिला. दोघांचीबी मढी घावली न्हाईत. दोनी घरांनी त्यांच्या नावानं आंगुळी केल्या."

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली. मीही मान खाली घातली. बिचारी, हळदीच्या अंगानं गेली! परतीच्या वाटेवर बराच वेळ आम्ही दोघं त्या बुडालेल्या पोरांसाठी हळहळत होतो. इतकी अक्कल आमची!

दिवाळी झाली. पाडवा झाला. बाईंनी निरोप धाडला की येते, आणि मी ओळखलं. दुसरी पोरगी बघितली असणार. सकाळपासून मी रडत होते आणि रागानं भांडी घासत होते. मला आजीचा राग आला होता. पळालीस ती पळालीस, मरताना एक नाव घ्यायला काय झालं होतं तुला?

बाई आल्या त्या थेट कारखान्यात, लेकीला आणि सहा महिन्यांच्या नातवाला घेऊन. मास्तर मागे मोटारसायकलजवळ उभा, चेहरा उतरलेला. बाबा तोंड लपवायला खड्ड्यात उतरून उगाच काहीतरी ठोकत होते. तेवढ्यात नातवानं टाहो फोडला. त्याची आई हलवून दमली, बाई दमल्या, माझी आई दमली. मी डोळे पुसले आणि त्याला उचलून घेतलं. म्हटलं, नातं नाही तर नाही, पोरानं काय घोडं मारलंय. आणि आमच्या घरात जो एकच पाळणा म्हणतात तो सुरू केला:

मागं ऱ्हायला डोंगर, म्होरं पानी गार,
अमुकरावांच्या जिवावर केला दर्या पार.

जिथं मी अमुकराव लिहिलं आहे तिथं नाव आणि आडनाव दोन्ही येतं. ते मी इथं लिहीत नाही. आमच्या घरातल्या बायकांची तशी रीतच आहे. हे अमुकराव म्हणजे जुन्या काळचे एक मोठे सरदार, असं बाबांनी मला लहानपणी सांगितलं होतं. रोज रात्री त्यांची एक नवी लढाई. त्यांनी गोऱ्यांची सात गलबतं बुडवली होती, सिंहाच्या जबड्यात हात घातला होता. माझ्या बाळपणी आमच्या घरात त्या सरदारांचा दरारा फार.

पोरगं गप्प झालं. पण बाईही गप्प झाल्या होत्या, आणि ते काही साधं नव्हतं. त्यांनी हातातली कपबशी खाली ठेवली.

"पोरी, परत म्हण."

मी म्हटलं.

"ह्ये नाव तुज्या तोंडात कुठनं आलं?"

"सरदार होते ते," मी म्हणाले.

"कसला सरदार? माजा थोरला चुलता हाय त्यो! पुरात गेलेला!" बाई ताडकन उभ्या राहिल्या. "आणि ह्यो पाळणा कुणी सांगितला तुमाला? ह्यो उखाणा हाय, उखाणा! बाईनं नवऱ्याचं नाव घेतलंय ह्यात!"

खड्ड्यातली ठोकाठोक थांबली. बाबा खड्ड्यातून अर्धे वर आले होते, कमरेपर्यंत. मला एकदम दिसलं. बोट, मागे डोंगर, अंगावर दुसऱ्याच्या नावाची हळद, आणि माझी आजी, माझ्यापेक्षाही लहान, आपल्या लग्नाचा एकुलता एक विधी उरकून घेतेय. उखाण्यात नाव घेतलं तर चालतं ना! मरतानाही तिनं तेच केलं होतं. विचारलेलं नाव तिनं दोनदा सांगितलं होतं, आणि आम्ही त्याच्यावर पोरं झोपवत होतो.

"पूर न्हवता," बाई म्हणाल्या. "बोट हुती!" आणि तोंडाला पदर लावून त्या रडायला लागल्या, की हसायला, ते त्यांनाही कळलं नसावं.

बाबा मात्र खड्ड्यातून वर येऊन काठावर बसले. "म्हंजे त्ये नेसरीचं मिशीवालं..."

"माजा सख्खा भाऊ."

"म्हंजे तुमी माजी भन." बाबांचा चेहरा काळवंडला. "भनीच्या पोराला पोरगी कशी द्यायची? संपलं. पोरी, संपलं गं." बाबा वाढले मोंबासात, गुजराती शेजारात. तिथं नात्यात लग्न म्हणजे पाप. इथल्या पंधरा वर्षांनीही ते त्यांच्या डोक्यातून गेलं नव्हतं. मागे मास्तरच्या हातातला पाना खाली पडल्याचा आवाज आला. चार महिने जे शोधलं, ते सापडलं आणि त्यानंच घात केला!

बाई आमच्याकडे टकामका बघत राहिल्या. मग त्यांना जे हसू फुटलं! शेजारच्या ट्रॅक्टरच्या चाकाला धरून उभं राहावं लागलं त्यांना.

"आरं दादा," पावण्याचा दादा कधी झाला कळलंच नाही, "आरं खुळ्या, मामाची पोरगी की ही! मामाची पोरगी म्हंजे हक्काची. तू न्हाय म्हणालास तर मी पंचात जाईन!"

"पर देवक?" आईनं विचारलं. एकटी तीच शुद्धीवर होती.

"माज्या म्हायेरचं कळंब. मी कळंबाची, वडाच्या घरात आले, तीस वर्सं नांदले. माजं चाललं, तर माज्या भाचीचं न चालायला काय धाड भरलीया?"

मी ते पोरगं छातीशी धरून कारखान्यात गरागरा फिरले. तेल सांडलेलं होतं, पडलेही असते. पोरगं खिदळत होतं. मास्तर नुसता हसत उभा होता, त्याचा पाना तसाच खाली पडलेला.

पुढच्याच महिन्यात लग्न झालं. नेसरीकडून दोन ट्रक भरून भावकी आली. मिशीवाले काका बाबांच्या गळ्यात पडून म्हणाले, "तुमी आमच्याच माणसासाठी टोपी काढली आणि आमी तुमाला भेळ खायला घातली!" कळंबाची ताजी डहाळी त्यांनी स्वतः आणली होती, ओल्या फडक्यात गुंडाळून.

देवक बसवताना भटजींनी बाबांना पाटावर घेतलं. पाणी सोडायला सांगितलं आणि म्हणाले, "वडिलांचं नाव सांगा. खरं."

बाबांनी तोंड उघडलं. नाव येईना. पंचावन्न वर्षांचा माणूस, आयुष्यभर हजार वेळा घेतलेलं नाव, पण ते नेहमी पाळण्याच्या दुसऱ्या ओळीत यायचं. नुसतं कधी उच्चारलंच नव्हतं. भटजी थांबले. मांडव थांबला. मग बाबांनी डोळे मिटले आणि मान हलवत, भर मांडवात, पहिल्यापासून सुरुवात केली: "मागं ऱ्हायला डोंगर..."

मांडव हसला. माझी आत्या, म्हणजे सासू, सगळ्यांत मोठ्यानं. मी हळदीच्या अंगानं बाबांच्या मागे उभी होते, आणि मला एकच भीती वाटत होती, की बाबा त्या नावापर्यंत पोचतील की नाही. ते पोचले. भटजींनी नाव ऐकून मान डोलावली आणि पळीभर पाणी त्यांच्या हातावर घातलं.