आत्याच्या केकचा दुसरा तुकडा

आमच्या घरात शिंदी कुणी पीत नव्हतं. तरी वर्षातून एकदा, ईस्टरच्या आदल्या दिवशी, ती मागल्या दाराने घरात यायची. शिंदीच्या झाडाचा तो आंबूस पांढरा रस वडील ओढ्याकाठच्या दुकानातून चरवीभर आणायचे, वर दुधासारखं फडकं बांधून. वाटेत कुणी ओळखीचा भेटला की तो विचारायचा, "म्हशीचं का गाईचं?" आणि वडील म्हणायचे, "झाडाचं." हा दरवर्षीचा ठरलेला विनोद होता. शिंदी कशासाठी चालली आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ती आत्याच्या केकसाठी असायची.

आम्ही तेव्हा श्रीगोंद्याला राहत होतो. घरात आई, वडील, मी आणि वडिलांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, अशी चार माणसं. वडील सुतारकाम करत. आत्या लहानपणीच विधवा होऊन भावाकडे आलेली, मिशनच्या दवाखान्यात दाईचं काम करायची. ईस्टरला पहाटे गावाबाहेरच्या माळावर आमच्या मंडळीची प्रार्थना व्हायची आणि ती आटोपली की सगळे आमच्या अंगणात न्याहारीला यायचे. बाकीच्या घरांतून कुणी घावन आणायचं, कुणी उकडलेली अंडी, कुणी चहा. केक मात्र आमचाच. जाडा रवा, गूळ, तूप, घरच्या कोंबड्यांची अंडी, जायफळ, आणि फुगण्यासाठी शिंदी.

हा केक एका तांब्याच्या पातेल्यात भाजायचा. पातेल्याला आतून कल्हई होती आणि झाकणाला कडेने उभा काठ होता, वर ठेवलेले निखारे घसरू नयेत म्हणून. आत्याला हे पातेलं तिच्या आत्याने दिलं होतं, तिला तिच्या आत्याने. ते कधी आईकडून लेकीकडे गेलं नाही की सुनेकडे गेलं नाही. नेहमी आत्याकडून भाचीकडे. त्यासाठी एक परीक्षाही होती. भाचीने ईस्टरचा केक एकदा आपल्या हाताने करायचा. तो खाऊन आत्याने आपण होऊन दुसरा तुकडा घेतला, तर पातेलं भाचीचं. नाही घेतला, तर नाही.

मी एकटीच भाची. त्या वर्षी मी मॅट्रिकला बसले होते. पास झाले तर जूनमध्ये पुण्याला कॉलेजात जायचं ठरलं होतं. आमच्या घरातून तिथवर कुणी गेलं नव्हतं. आईवडील हरखले होते. आत्याही मनातून खूश असावी, पण तिची खुशी टोमण्यातून बाहेर पडायची.

"फुस्तकात मुंडी घालनारीच्या हातनं पीठ फुगत न्हाई," ती म्हणाली.

"मग पातेलं कुणाला देशील?" मी विचारलं.

"तांबटाला. मोडीत."

ती हसत म्हणाली, पण मला ते लागलं. माझं जाणं म्हणजे या घरातून वजा होणं, असं तिला वाटत होतं की काय कोण जाणे. मला तसं व्हायचं नव्हतं. मला कॉलेजही हवं होतं आणि पातेलंही.

"यंदाचा केक मी करणार," मी म्हणाले.

"कर की. शिंदी कुठनं आनशील?"

हीच तर अडचण होती. देशाला स्वातंत्र्य मिळून थोडेच दिवस झाले होते आणि आमच्या भागात दारूबंदी आली होती. ओढ्याकाठच्या दुकानाला कुलूप लागलं होतं. मंडळीत याचा आनंदच झाला. पाळकसाहेबांनी त्यावर एक सबंध उपदेश दिला. आम्ही पहिल्या बाकावर बसून माना डोलावल्या, आणि आत्याने घरी येऊन पातेलं माळ्यावर टाकलं.

"सरकारनं आपल्याला खरं बोलायला लावलं बघ," वडील तिला चिडवायला म्हणाले.

"मी कदी खोटं बोलले?" आत्या उसळली.

आणि हे खरंच होतं. ती कधी खोटं बोलली नव्हती. लहानपणी मिशनच्या शाळेत मुलींना उभं करून शपथ दिली होती : मद्याला शिवणार नाही, मद्याकडे पाहणार नाही, मद्य चाखणार नाही. आत्याने ती जन्मभर पाळली. शिंदीची चरवी ती पदराने धरायची, म्हणजे शिवणं झालं नाही. रव्याच्या गाडग्यात शिंदी ओतताना मान वळवून भिंतीकडे बघायची, म्हणजे पाहणं झालं नाही. राहिलं चाखणं. त्यावर तिचं म्हणणं, "मी क्येक खाते. शिंदी कुठं खाते?"

तिच्या आत्याचीही हीच रीत होती. मान वळवलेली असल्यामुळे किती पडली ते दिसायचं नाही, म्हणून माप कानाचं होतं. चरवीच्या तोंडातून शिंदी पडताना गुटुक, गुटुक असा आवाज व्हायचा. पाचवा गुटुक ऐकला की थांबायचं. एवढं काटेकोर माप दवाखान्यात औषधालाही नसेल.

आमचे पाळकसाहेब तो केक दरवर्षी खायचे आणि वाखाणायचे. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, देव जाणे. पण तुकडा उचलताना ते नेहमी अंगणातल्या लिंबाच्या झाडाकडे बघत असत.

शिंदीवाचून केक फुगवायचा कसा, याचं उत्तर मला शेजारी मिळालं. आमच्या भिंतीला भिंत लागून एका पाववाल्याचं घर होतं. त्याच्या बायकोला सगळी गल्ली खाला म्हणायची. आत्याची आणि तिची जुनी मैत्री. ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे माळावर प्रार्थनेला जायचो तेव्हा चुलीवरच्या केकची राखण खालाच करायची. खालचे निखारे मागे ओढ, झाकणावर नवे ठेव, असं सगळं मन लावून. पण तो केक तिने कधी तोंडात घातला नव्हता. आम्ही द्यायला गेलो की ती हसून म्हणायची, "वास घेतला, पोट भरलं." आत काय आहे ते तिला माहीत होतं, ते तिच्यात चालणारं नव्हतं, आणि तसं म्हणून तिला आम्हाला लाजवायचं नव्हतं.

मी तिला आमची अडचण सांगितली.

"आगं मग आमचं खमीर घे की," ती म्हणाली. "हरभऱ्याची डाळ, बडीशेप आन् कालचं पीठ. दुसरं काय न्हाय त्यात. पन बेटी, जरासंच घाल हां. लई जोरकस असतं."

एवढं बोलून तिने मला खमिराचा गडवा भरून दिला. भरून का दिला, तर शेजारी अर्धं भांडं द्यायचं नसतं म्हणून.

आत्याने गडव्यात डोकावून पाहिलं. नाक मुरडलं. पण पातेलं माळ्यावरून काढलं आणि चिंचेने घासायला बसली. शनिवारी संध्याकाळी मी गुळाचं पाणी करून रवा भिजवला. आता खमीर घालायचं. मी गडवा उचलला तशी आत्या मागून म्हणाली, "मान?"

"आत्या, ह्यात काही वाईट नाही. बघून घातलं तर काय होईल?"

"वाईट-चांगलं तुला कुनी इचारलं? रीत म्हंजी रीत. वळव मान."

"खाला म्हणाली, जरासंच घाल."

"खाला पाव करती. क्येक आमी करतो. पाच गुटुक."

परीक्षा घेणारीच ती. मी मान वळवली, भिंतीकडे पाहिलं, गडवा वाकडा केला आणि कान दिला. काही आवाज नाही. आणखी वाकडा केला. काहीच नाही. आत्यानेही मान वळवलेलीच होती. दोघी भिंतीकडे बघत पहिल्या गुटुकची वाट पाहत उभ्या राहिलो. मग एकदाच "थप्प" असा आवाज झाला.

खमीर घट्ट असतं. ते गुटुक करत नाही.

गडवा रिकामा होता. आत्या म्हणाली, "झालं. एक गुटुक समज." वर झाकण आणि झाकणावर वरवंटा ठेवून आम्ही झोपायला गेलो.

पहिला कोंबडा आरवला तशी आईने मला हाक मारली. तिच्या आवाजातच काहीतरी होतं. स्वयंपाकघरात गेले तर वरवंटा जमिनीवर, झाकण चुलीच्या कडेला, आणि गाडग्यातून रवा चहूबाजूंनी उतू जाऊन चुलीपर्यंत पोचलेला. अजूनही येतच होता. फसफस असा आवाज करत, अगदी सावकाश, जणू त्याला प्रार्थनेला आमच्याबरोबर यायचं होतं.

"खरं पुनरुत्थान," वडील दारातून म्हणाले.

"तू गप बस!" आत्या ओरडली, आणि तिने दोन्ही हातांनी रवा आत ढकलायला सुरुवात केली. मी रडकुंडीला आले होते. मला वाटलं, गेलं पातेलं तांबटाकडे.

तेवढ्यात राखणीला खाला आली. तिने एकदा गाडग्याकडे, एकदा रिकाम्या गडव्याकडे पाहिलं.

"समदं घातलं?"

आत्याने भिंतीकडे मान वळवली.

खाला हसायला लागली. ती इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग आईला हसू फुटलं, मग आत्यालाही. हसता हसताच खालाने गाडग्यातला फेस पळीने खाली बसवला, आंबटपणा मारायला मूठभर गूळ आणखी घालायला लावला आणि भिंतीवरून हाक मारून आपल्या घरचं मोठं पातेलं मागवलं. मी अंडी फेटून घातली, तूप आणि जायफळ घातलं. दोन्ही पातेल्यांच्या तळाला पत्रावळीची भिजवलेली पळसाची पानं लावली. आमच्या पातेल्यात मावलं तेवढं त्यात, उरलेलं खालाच्या पातेल्यात. दोन्हींच्या खाली-वर बाभळीचे निखारे रचले आणि खालाला बसवून आम्ही माळाकडे पळत सुटलो.

त्या पहाटेची प्रार्थना मला काही आठवत नाही. देवाने क्षमा करावी, मी सगळा वेळ पातेल्याचाच विचार करत होते. शेजारी आत्याने डोळे मिटले होते, पण तिच्या नाकपुड्या गावाच्या दिशेने हलत होत्या.

परत आलो तेव्हा अंगणात जायफळाचा वास भरला होता. आत्याने झाकण उचललं. केक एका बाजूने चढलेला, एका बाजूने बसलेला, वरून खमंग तपकिरी. उलटा करून ताटात काढला तर तळावर पळसाच्या पानाच्या शिरा उमटलेल्या. नेहमीसारखा नव्हता. पोत हलका होता आणि शिंदीचा तो मंद आंबूस वास नव्हता, त्या जागी थोडीशी बडीशेप लागत होती.

आत्याने पहिला तुकडा घेतला. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिने तो सावकाश खाल्ला, बोटं पुसली आणि "हं" म्हणाली. एवढंच. मग ती वाढायला उठली.

पाळकसाहेबांनी त्या वर्षी केककडे बघून केक खाल्ला. तीन तुकडे खाल्ले. इतरांनीही हात आखडता घेतला नाही. मुलं तर ताटाभोवतीच बसली होती. बघता बघता आमचं ताट साफ झालं. दुसरा तुकडा घ्यायचा म्हटला तरी आता उरलाच नव्हता. परीक्षा तशीच लोंबकळत राहिली.

मग आत्याने खालाचं पातेलं उचललं, जसंच्या तसं, न कापता, आणि तिच्या घरी घेऊन गेली. मी मागोमाग गेले.

"ह्यात झाडाचं काय न्हाई," आत्या म्हणाली. "तुझंच खमीर हाय. आता तरी खा."

खालाने ओट्यावर बसून एक तुकडा मोडला. इतक्या वर्षांची राखण. तिने डोळे मिटून खाल्ला.

"वासासारखाच हाय," ती म्हणाली, आणि तिने पदराचं टोक डोळ्यांना लावलं. आत्यानेही लावलं. मग आत्याच म्हणाली, "जरा ग्वाड झालाय," आणि दोघींचं बरं झालं.

दुपारी सगळे पांगले. मी भांडी घासायला अंगणात गेले तर आत्या लिंबाच्या सावलीत भिंतीला टेकून बसलेली. मांडीत तांब्याचं पातेलं, हातात चमचा. कडेला लागलेली खरवड ती खरडून खरडून खात होती. मला बघून चमचा थांबला.

"भांडं घासतीया," ती म्हणाली.

"चमच्यानं?"

"मग? खरवड निघाय नगं?"

"खरवड म्हणजे दुसरा तुकडाच की, आत्या."

"तुकडा न्हवं त्यो. खरवड हाय."

"आपण होऊन घेतलीस ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं, मग पातेल्यात पाहिलं. आत अजून एक चांगला करपूस पापुद्रा शिल्लक होता. तिने तोही काढून खाल्ला. मग पातेलं माझ्या हातात दिलं.

"घे. आन् नीट घास. पुन्यात कल्हईवाला मिळंल का?"

"मिळेल."

"कॉलिजात चूल असती का?"

"नसते. सुट्टीत येईन तेव्हा करीन."

"ईस्टरला यायचंच मग," ती म्हणाली. जणू काही सगळं आधीपासून ठरलेलं होतं. मी पातेलं घेऊन चुलीतली राख आणायला वळले तशी तिने मागून हाक मारली.

"आन् खमीर बेतानं घाल. चमच्यानं मोजून."

"बघून?"

आत्याने बराच विचार केला.

"चमच्याकडं बघ," ती म्हणाली. "गाडग्याकडं नगं."