फळा कोरा राहिला तेव्हा

मुंबई बघायला आलेल्या पाहुण्यांपासून आपण आपलीच माणसं का लपवतो? आमच्या लालबागच्या चाळीत उत्सवाच्या कार्यक्रमांचा फळा लिहिणारे एक जुने गिरणीकामगार काका आहेत. खडू कायम कानावर, बोलणं मोजकं. यंदा परदेशी प्रवासी येणार म्हणून मंडळाचे चिटणीस म्हणाले, "काका, नायगावच्या दलित वस्तीचा जलसा वगळा. बरं दिसणार नाही."

काका मालवणीत कडाडले, "संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याक ते लोक होये होते, आणि पावण्यांसमोर नको? मगे फळो तूच लिव!"

दोन दिवस फळा कोराच होता. अख्खी चाळ कारण विचारू लागली. तिसऱ्या दिवशी चिटणीसच म्हणाले, "लिहा, काका." काकांनी जलसा सर्वांत वर लिहिला.

तुमच्या मंडळात कार्यक्रमांची यादी वाचतील, तेव्हा उभे राहा आणि कुणाला वगळलंत ते विचारा.